राग गिळायचा, पण ठेवायचा कुठे?



"या वर्षी लेख द्याच डॉक्टर, पण मधुमेह आणि कोलेस्टेरॉल नको हं!" असं स्मरणिका समितीने मला आधीच बजावून ठेवलं होतं. सणाच्या दिवसांत मोदकाच्या शेजारी डॉक्टरीणबाईंचा उपदेश वाचायला लागावा ही शिक्षाच आहे, हे मलाही मान्य आहे. म्हणून या खेपेला विषय दवाखान्यातला न घेता दुकानातला घेतला आहे. अर्थात त्याची सुरुवात मात्र दवाखान्यातच झाली.

दोन वर्षांपूर्वी ईदच्या आदल्या आठवड्यात एक मुलगी तपासायला आली. तिशीच्या आतली, कोकणातली, इथल्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात काउंटरवर काम करणारी. (तिला विचारूनच लिहिते आहे आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलले आहेत.) छातीत धडधड, पोटात जळजळ, रात्री झोप नाही. ईसीजी काढला, थायरॉईड पाहिलं, हिमोग्लोबिन पाहिलं. सगळं व्यवस्थित. ईदच्या आधी इथली दुकानं मध्यरात्र उलटून गेली तरी उघडी असतात आणि गर्दी तर विचारू नका! मी अ‍ॅसिडिटीची गोळी लिहून दिली आणि सवयीने म्हणाले, "मन जरा शांत ठेवायला शीक गं."

ती हसली आणि म्हणाली, "डॉक्टर, शांत दिसायचाच तर मला पगार मिळतो. शांत व्हायचं कसं, ते कुणी शिकवत नाही."

मग हळूहळू सांगायला लागली. आदल्या रात्री एका बाईंनी वापरलेला ड्रेस परत आणला होता. लेबल काढलेलं, बगलेत घामाचे डाग. नियमाप्रमाणे परत घेता येत नाही म्हटल्यावर बाईंनी तो काउंटरवर, जवळजवळ हिच्या तोंडावरच फेकला आणि हिच्या देशाचा, रंगाचा, इंग्रजीचा सगळ्यांदेखत उद्धार केला. मॅनेजर आला. त्याने बाईंना ड्रेस बदलून दिला आणि हिला 'सॉरी' म्हणायला लावलं. ही म्हणाली. हसून म्हणाली. रांगेतला पुढचा माणूस पुढे आला, त्यालाही हसूनच 'गुड इव्हनिंग' म्हणाली. "ते दुसरं हसू सगळ्यात जड गेलं, डॉक्टर," ती म्हणाली.

ती गेली, पण तिचं वाक्य काही गेलं नाही. कारण मी दुकानदाराची मुलगी आहे.

माझ्या वडिलांचं, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, कराडच्या बाजारपेठेत छोटंसं कापडदुकान होतं. पांढऱ्याशुभ्र गाद्या, टेकायला लोड, भिंतीभर रचलेली ठाणं आणि कोपऱ्यात गणपतीची तसबीर. सकाळची भवानी झाल्याशिवाय उधारीचं नाव काढायचं नाही, हा नियम. लग्नसराईत बस्ता बांधायला खेड्यांतून माणसं यायची. वरमाई, तिच्या जावा, नणंदा, सोबत एखादी सगळ्यातलं सगळं कळणारी आत्या! चाळीस-पन्नास साड्या उघडायच्या, रंगाला नावं ठेवायची, पोताला नावं ठेवायची, "इचलकरंजीत निम्म्यात मिळतंय" म्हणायचं आणि शेवटी "पुढच्या दुकानात बघून येतो" म्हणून चपला घालायच्या. अण्णा हसतमुखाने म्हणायचे, "या की, बघून या. चहा तेवढा घेऊन जा." आणि मग एकेक साडी पुढ्यात घेऊन घडीवर घडी घालत बसायचे. साडीची घडी मोडायला क्षण लागतो. तीच घडी पुन्हा जशीच्या तशी बसवायला हात तयार व्हावा लागतो.

मी एकदा विचारलं, "अण्णा, तुम्हाला राग येत नाही?" ते म्हणाले, "दुकानात ठाणं ठेवायला जागा पुरेना, राग कुठं ठेवू?"

हे वाक्य मी पुढे अनेकदा अभिमानाने सांगितलं आहे. मिरजेच्या मेडिकल कॉलेजात मैत्रिणींना सांगितलं, १९९७ साली इथे आल्यावर नवीन परिचारिकांना सांगितलं, मुलांना तर किती वेळा सांगितलं असेल. पण त्या मुलीचं बोलणं ऐकल्यावर पहिल्यांदाच मी स्वतःला विचारलं, की या गोष्टीतला अर्धा भाग मी आजवर का सांगत नव्हते? तो अर्धा भाग असा, की रात्री साडेनऊला अण्णांच्या चपलांचा आवाज जिन्यात आला की आम्ही भावंडं पुस्तकं उघडून बसायचो. आमटीत मीठ कमी आहे, कंदिलाची काच का पुसली नाही, हा पसारा कुणाचा... कारण काहीही पुरायचं. ऐकून घेणारी एकच असायची. आई. दुकानात ज्या रागाला जागा नव्हती, त्याला घरात भरपूर जागा होती. गिऱ्हाइकांनी मोडलेल्या घड्या अण्णा बसवायचे, पण अण्णांनी मोडलेली घडी आईची आईलाच बसवावी लागायची.

अण्णा वाईट नव्हते हो. शब्दाला पक्के, मापाला पक्के. म्हणूनच प्रश्न खरा आहे. चांगल्या माणसाने कामाच्या जागी राग गिळला, सभ्यपणा सोडला नाही, याला आपण सद्गुण म्हणतो. पण त्या सद्गुणाचं बिल कोण भरतं? आणि दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे. आत संताप असताना बाहेर हसणं, हा ढोंगीपणा आहे की संयम?

आता माझी बाजूही सांगते, नाहीतर ही सगळी परनिंदा होईल. काही वर्षांपूर्वी जुलैत भारतात निघायच्या दोन दिवस आधी नव्या बॅगेचं चाक निखळलं. पावती सापडेना. दुकानात गेले. काउंटरवरचा मुलगा पंचवीस-सव्वीसचा. "मॅडम, पावतीशिवाय मला बदलता येणार नाही," हे तो तीनदा, तीनही वेळा तितक्याच हळू आवाजात म्हणाला. मी मात्र प्रत्येक वेळी एक पट्टी वर. "मॅनेजरला बोलवा" झालं, "मी डॉक्टर आहे, खोटं बोलेन का" झालं. बॅग बदलून मिळाली नाहीच. बाहेर आल्यावर माझी मुलगी म्हणाली, "आई, त्याचे हात थरथरत होते. तू पाहिलंस?" पाहिले होते. हातांची थरथर पाहायचं तर आम्हाला शिकवलेलंच असतं. पाहूनही मी थांबले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला परत गेले. त्याला मी ओळखूच आले नाही! आठवण करून दिल्यावर म्हणाला, "नो प्रॉब्लेम, मॅडम." चेहऱ्यावर कालचंच हसू. त्याने मला क्षमा केली की फक्त गणवेशाचा भाग म्हणून तो हसला, हे मला आजही सांगता येणार नाही. सदासर्वदा हसायचं ठरवून दिलं, की हसण्याचा अर्थच कळेनासा होतो.

भारतातल्या कितीतरी दुकानांत एक चौकट टांगलेली असते. ग्राहक हा आपल्या दुकानात येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे अशा आशयाची आणि खाली महात्मा गांधींचं नाव. अण्णांच्याही दुकानात होती. पुढे वाचनात आलं, की हे उद्गार गांधीजींच्या लेखनात सापडत नाहीत. जवळपास त्याच आशयाचा मजकूर १९४१ साली अमेरिकेत एका मोटार कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याच्या नावाने छापून आला होता. 'ग्राहकाचं नेहमी बरोबर असतं' हे दुसरं बोधवाक्य शिकागोचे मार्शल फील्ड, लंडनला १९०९ साली मोठं दुकान उघडणारे सेल्फ्रिज अशा बड्या दुकानदारांच्या नावाने सांगितलं जातं. त्या काळी 'माल पाहून घ्या, नंतर तक्रार चालणार नाही' हा बाजाराचा रिवाज होता. त्याच्यासमोर 'ग्राहकाच्या तक्रारीवर विश्वास ठेवा' असं म्हणणं ही मोठीच गोष्ट होती. पण तक्रारीवर विश्वास ठेवणं वेगळं आणि अपमान झेलणं वेगळं. बोधवाक्य आखूड असल्यामुळे ही दोन्ही त्यात एकत्र कोंबली गेली.

आपल्याकडे ग्राहकाच्या हक्कासाठी महाराष्ट्राने पुढाकार घेतला. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत आली आणि १९८६ साली देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. संयुक्त अरब अमिरातीतही २००६ साली असा कायदा झाला आणि २०२० साली त्याच्या जागी नवा आला. हे सगळं हवंच होतं. फसवणाऱ्या दुकानदारापुढे एकटं गिऱ्हाईक दुबळंच असतं. पण काउंटरवरची मुलगी दुकानदार नसते! ती मालक नाही, नियम तिने केलेले नाहीत, नफ्यात तिचा वाटा नाही. आपला हक्क कंपनीकडे असतो आणि आपला राग मात्र हाताशी सापडलेल्या माणसावर निघतो.

(पुणेकर दुकानदाराने यावर फार पूर्वीच उपाय शोधला, असं माझे यजमान म्हणतात. दुपारी १ ते ४ दुकान बंद ठेवायचं आणि उरलेल्या वेळात गिऱ्हाइकाला धाकात ठेवायचं. ते स्वतः सदाशिव पेठेतले असल्याने मी वाद घालत नाही.)

आता मूळ प्रश्नाकडे वळते. हे हसू खोटं का?

आर्ली होशचाइल्ड नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या हवाई सेविकांचा अभ्यास केला आणि १९८३ साली 'द मॅनेज्ड हार्ट' हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की हमाल पाठीने काम करतो तसं ही माणसं भावनेने काम करतात आणि हेही श्रमच आहेत. ते दोन तऱ्हांनी होतात. एक वरवरचा अभिनय, म्हणजे चेहरा हसरा आणि आत धगधग. दुसरा आतला, म्हणजे समोरच्याकडे पाहण्याची नजरच बदलायची. हा ओरडणारा प्रवासी कदाचित घाबरलेला असेल, घरी काही घडलं असेल, असं मनाशी धरायचं आणि राग मुळातच कमी करायचा. पहिल्या तऱ्हेत माणूस झिजतो, हे आम्ही डॉक्टर रोज पाहतो. दुसरी तऱ्हा बरी. पण तिच्यात वेगळा धोका आहे. ज्याच्या त्याच्या रागाला कारण शोधता शोधता आपला राग खरा होता, हेच माणूस विसरतो.

आमच्या व्यवसायातही हा पाठ आहे. सर विल्यम ऑस्लर यांनी १८८९ साली पेनसिल्व्हेनियाच्या विद्यार्थ्यांना निरोपाचं भाषण केलं, ते 'इक्वॅनिमिटास' म्हणून प्रसिद्ध आहे. डॉक्टरला दोन गुण हवेत, असं त्यांनी सांगितलं. एक, बाहेरून विचलित न दिसणं आणि दुसरा, मनाची समता. पुढे १९७८ साली ग्रोव्ह्ज नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये एक धीट लेख लिहिला. ज्यांना पाहताच डॉक्टरच्या पोटात गोळा येतो, अशा रुग्णांविषयी. असा तिटकारा वाटणं हे पाप नाही. तो वाटत नाही असं भासवण्याने मात्र उपचार चुकतात, असं त्यांचं सांगणं. मला आठवतं, पहिल्या वर्षी इथे एक गृहस्थ दर आठवड्याला येऊन माझ्या प्रत्येक औषधाची उलटतपासणी घ्यायचे. मी फार गोड बोलायचे आणि त्यांना लवकरात लवकर बाहेर काढायचे. माझ्या त्या गोडव्यापायी त्यांचा वाढलेला रक्तदाब मी दोन महिने उशिरा गांभीर्याने घेतला. सुदैवाने काही बिघडलं नाही. पण तेव्हा कळलं, की न कबूल केलेला राग कामात शिरतोच. दुकानात तो 'साइज संपला' म्हणून शिरतो, दवाखान्यात 'पुढचा पेशंट' म्हणून.

आणि आता जरा आपल्या घरचं. पतंजलींनी योगसूत्रांत चित्त प्रसन्न राहण्यासाठी चार वृत्ती सांगितल्या आहेत. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवंताला पाहून मुदिता म्हणजे आनंद आणि अपुण्य वागणाऱ्याविषयी उपेक्षा. चरकाचार्यांनीही वैद्याच्या चार वृत्ती सांगताना मैत्री, कारुण्य, प्रीती आणि उपेक्षा हेच शब्द योजले आहेत. मला नेहमी अडायला व्हायचं ते चौथ्या शब्दापाशी. मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड. आई-वडिलांची उपेक्षा, कवीची उपेक्षा. पण शब्द फोडून पाहिला तर 'उप' आणि 'ईक्षा', म्हणजे जवळून पाहणं. पाहायचं, सगळं पाहायचं. पण त्यात ओढलं जायचं नाही. तोंड फिरवणं नाही आणि अंगावर घेणंही नाही.

ही उपेक्षा मला काउंटरसाठी फार उपयोगी वाटते. ती क्षमेपेक्षा लहान गोष्ट आहे आणि म्हणूनच रोजच्या रोज जमण्यासारखी आहे. ड्रेस फेकणाऱ्या बाईंवर प्रेम करा, असं मी त्या मुलीला सांगू शकत नाही. ते संतांना जमतं आणि संतांची दुकानं चालतातच असं नाही! आपले तुकोबा वाण्याच्या घरातले. त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडून दिली, असं सांगतात. दहा-दहा तासांच्या पाळीवर उभ्या मुलीकडून एवढं मागण्याचा आपल्याला काय अधिकार? व्यावसायिक वागणं एवढंच म्हणतं, की मी तुझ्या पातळीवर उतरणार नाही आणि तुझं काम नियमात बसेल तितकं नीट करीन. यात प्रेमाचं सोंग नाही, म्हणून ढोंगही नाही. आपण देवळात चपला बाहेर काढून येतो, तेव्हा चपला नाहीतच असं म्हणत नाही. बाहेर पडताना त्या पुन्हा घालायच्याच असतात. काउंटरवर राग बाहेर काढून ठेवायला हरकत नाही, पण तो कुठे काढून ठेवला ते आपल्याला माहीत हवं. अण्णांना ते माहीत नव्हतं. तो त्यांच्याबरोबर घरी यायचा.

शरीराची भाषा साधी असते. कुणी अंगावर ओरडलं, की अ‍ॅड्रिनलिन वाढतं, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, पोटाचं काम बिघडतं. पूर्वी अशा वेळी माणूस पळायचा नाहीतर लढायचा. सेल्सगर्लला यातलं काहीच करता येत नाही. हात जोडून जागेवर उभं राहायचं. त्यात दिवसभर उभं राहून पायांच्या शिरा फुगतात, टाचा दुखतात. केरळमधल्या कापडदुकानांतल्या विक्रेत्या बायकांनी नुसतं बसू द्या एवढ्यासाठी लढा दिला. २०१८ साली तिथे कायद्यात तशी दुरुस्ती झाली आणि २०२१ साली तामिळनाडूनेही तसंच केलं. रिकाम्या वेळी टेकायला एक स्टूल, यासाठी कायदा करावा लागला!

त्या मुलीला पुढच्या भेटीत मी काही साध्या गोष्टी सांगितल्या. त्या सांगताना अर्ध्या मीही शिकत होते. एक, तक्रार आणि अपमान मनात वेगळे करायचे. 'ड्रेस उसवला' ही तक्रार, तिचं उत्तर द्यायचं. 'तुम्ही लोक असलेच' हा अपमान, त्याला उत्तरच नसतं. दोन, समोरचा आवाज चढला की आपला वेग कमी करायचा आणि नियमाचं एकच वाक्य त्याच शब्दांत पुन्हा म्हणायचं. दर वेळी नवं कारण दिलं, की दर वेळी नवा वाद सुरू होतो. तीन, शिवीगाळ सुरू झाली तर "मी वरिष्ठांना बोलावते" म्हणून बाजूला व्हायचं. ही हार नव्हे. चार आणि सगळ्यात महत्त्वाचं, नंतर दोन मिनिटं मागे जाऊन पाणी प्यायचं, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा आणि एका तरी सहकाऱ्याला झालेलं सांगायचं. "मला राग आला" हे शब्द मोठ्याने म्हणायचे. राग आल्याची नोंद झाली, की तो घरापर्यंत पाठलाग करत नाही.

तीन महिन्यांनी ती आली, तेव्हा तिने स्वतःचीच युक्ती काढलेली होती. "मी एका कागदावर लिहिते, या माणसाला खरं काय हवं होतं? पुष्कळदा उत्तर सापडतं. पैसे संपलेत, नवरा बाहेर गाडीत थांबलाय, कुठेतरी त्याचं कुणी ऐकलं नाहीये. नाहीच सापडलं, तर कागद फाडून टाकते." धडधड कमी झाली होती. जळजळ थोडी होतीच. गोळी चालू ठेवली.

पण एवढ्यावर थांबले, तर माझ्यावर आरोप येईल आणि तो योग्यच असेल. डॉक्टरीणबाई दुबळ्यालाच संयम शिकवतात! खुर्ची माझ्याकडे आहे, पदवी आहे. माझ्यावर कुणी ओरडलं तर मी दार दाखवू शकते. तिचा व्हिसा, तिच्या घराचा हप्ता, धाकट्या भावाचं शिक्षण त्या नोकरीवर आहे. तिच्या संयमाला तिची निवड म्हणायचं की तिची गरज? म्हणून मला वाटतं, संयमाचा उपदेश करण्याचा हक्क त्यालाच, जो मर्यादाही आखून देतो.

याबाबतीत अण्णा पुन्हा आठवतात. एकदा एका बड्या गिऱ्हाइकाने आमच्या दुकानातल्या जुन्या गड्याला साडी दाखवताना जातीवरून बोललं. मोठा बस्ता होता, हजारांचा व्यवहार होता आणि वर्ष दुष्काळाचं होतं. अण्णांनी उघडलेली साडी शांतपणे ओढून घेतली आणि म्हणाले, "आपल्याला पाहिजे तसलं आमच्याकडे नाही." आवाज चढवला नाही, अपशब्द काढला नाही. त्या रात्री घरी आले तेव्हा मात्र जिन्यातली पावलं वेगळी वाजली होती आणि आमटीतल्या मिठाबद्दल ते काही बोलले नाहीत. जिथे त्यांनी मर्यादा आखली, तिथे राग घरी आलाच नाही. हे मला आज, पन्नाशी उलटल्यावर कळतं आहे.

जगही हळूहळू इकडे वळतं आहे. दक्षिण कोरियाने २०१८ साली कायदा बदलून अशा कर्मचाऱ्यांना ग्राहकांच्या शिवीगाळीपासून जपण्याची जबाबदारी मालकावर टाकली. टोकियोमध्ये ग्राहकांकडून होणाऱ्या छळाविरुद्धचा नियम एप्रिल २०२५ पासून लागू झाला. आणि ग्राहकाला देव मानणारा देश तो! आपल्या इथे २०२२ च्या फेब्रुवारीपासून लागू झालेल्या कामगार कायद्यात मालक, वरिष्ठ आणि सहकाऱ्यांकडून होणाऱ्या छळाला, शाब्दिक छळालाही, बंदी आहे. आणि कुणालाही अपशब्द वापरणं हा या देशात गुन्हा आहे. आपल्यापैकी कितीतरी जण इथे दुकानांचे मालक आहेत, मॅनेजर आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. गिऱ्हाइकाला ड्रेस खुशाल बदलून द्या, पण मुलीला सगळ्यांसमोर 'सॉरी' म्हणायला लावू नका. बसायला स्टूल द्या आणि अपमान झाल्यावर पाच मिनिटं द्या. याला खर्च फारसा येत नाही.

आणि आपण सगळेच तर गिऱ्हाइकं आहोत. डेऱ्याच्या गोल्ड सूकमध्ये सोन्याचा भाव फलकावर लिहिलेला असतो, घासाघीस मजुरीत होते. तीही करावी, ती बाजाराची रीत आहे आणि दोघांनाही तिची मजा येते. पण भाव उतरवताना माणूस उतरवायचं कारण नाही. उत्सवातल्या प्रसादाच्या रांगेतही हे पाहते. दिवसभर राबणाऱ्या स्वयंसेवकाला "आम्हाला एकच मोदक का?" म्हणून दरडावणारे आपणच असतो. बाप्पासमोर हात जोडून दहा पावलं झालेली नसतात!

२००४ साली आई-अण्णा आमच्याकडे राहायला आले होते. मीना बाजारात आईसाठी साडी घ्यायला गेलो. मी आणि आईने मिळून वीस-बावीस साड्या उघडायला लावल्या आणि एकही पसंत पडली नाही. आम्ही चपला शोधत होतो, अण्णा उठेचनात. पाहते तर ते विक्रेत्या मुलासमोर मांडी घालून साड्यांच्या घड्या घालत होते. मुलगा संकोचून "अंकल, अंकल, रहने दो" म्हणत होता. अण्णा आपल्या कराडी हिंदीत त्याला म्हणाले, "घडी हमने मोडी है बेटा, थोडी हम भी डालेंगे." आई दारात उभी राहून बघत होती. मग तीही परत आली, खाली बसली आणि तिने एका साडीचं दुसरं टोक धरलं.

सगळ्या घड्या बसेपर्यंत आम्ही तिथे होतो. साडी घेतली नाहीच.

या गणेशोत्सवात बुद्धीच्या देवतेकडे एवढंच मागू या, की आपण मोडलेली घडी आपल्याला दिसावी आणि ती बसवायला हात लावण्याइतका वेळ आपल्यापाशी असावा. सर्वांना उत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा!